विम्बल्डनला ऐटीत जायचे तर

मेफेअरमधल्या हॉटेलातला स्वीट, विमानतळावर न्यायला आलेली काळी मोटार, थेम्सवर खासगी बोट: पैसे मोजले की लंडनमध्ये यातले काहीही मिळते. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवरची खुर्ची मात्र इतक्या सरळ मिळत नाही. ऑल इंग्लंड क्लब आजही बरीचशी तिकिटे सोडतीने आणि रांगेने देतो, त्यामुळे जड खिशाच्या माणसालाही आधी नियम समजून घ्यावे लागतात. हॉटेल आणि विमान आधी ठरवून तिकिटाचे ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्यावर सामना टीव्हीवर बघायची पाळी येते, फरक एवढाच की तो टीव्ही लंडनच्या हॉटेलातला असतो.

आत जायचे चार रस्ते

पहिला रस्ता सोडतीचा. १९२४ पासून ही पद्धत चालू आहे. आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत अर्ज करायचा आणि वाट बघायची. म्हाडाच्या सोडतीत निदान घर कोणत्या वसाहतीत मिळणार हे ठाऊक असते. इथे नंबर लागलाच तर दिवस कोणता आणि कोर्ट कोणते, हेही सोडतच ठरवते. तिकीट दुसऱ्याला विकता येत नाही. इतक्या लांबून येणाऱ्याने अर्ज जरूर करावा, पण त्याच्या भरवशावर सुट्टी टाकू नये.

दुसरा रस्ता रांगेचा. विम्बल्डन पार्कमध्ये लोक आदल्या दिवसापासून तंबू ठोकतात, क्रमांकाचे कार्ड घेतात आणि पहाटे स्वयंसेवकांनी हाक मारली की उठून तंबू गुंडाळतात. शेवटचे काही दिवस सोडले तर सेंटर कोर्टची सुमारे ५०० तिकिटे रोज या रांगेतून जातात, तीही मूळ किमतीत.

तिसरा रस्ता डिबेंचरचा. ऐटीत जाऊ म्हणणाऱ्याने नीट समजून घ्यावा असा हाच. क्लबला वर्पल रोडची जुनी जागा अपुरी पडू लागली तेव्हा चर्च रोडवरच्या नव्या मैदानासाठी पैसा हवा होता. १९२० मध्ये त्यासाठी पहिल्यांदा डिबेंचर काढले गेले आणि १९२२ मध्ये नवे मैदान उभे राहिले. तीच रीत आजवर चालत आली. डिबेंचरधारकाला पाच वर्षे, स्पर्धेच्या प्रत्येक दिवशी, एक ठरलेली खुर्ची मिळते. सेंटर कोर्टवर अशा सुमारे अडीच हजार खुर्च्या आहेत. २०२६ ते २०३० या काळासाठी एका डिबेंचरची किंमत होती १,१६,००० पौंड, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या वर.

चौदा दिवस रोज मैदानावर बसणे फार थोड्यांना जमते. म्हणून डिबेंचरधारकाला एकेका दिवसाचे तिकीट विकायची मुभा आहे. कायदेशीरपणे हात बदलू शकणारे तिकीट हेच. पहिल्या आठवड्यातल्या दिवसाचा भावही बऱ्याचदा हजार पौंडांच्या पुढे जातो, पुरुषांच्या अंतिम सामन्याचा त्याच्या कितीतरी पट. खुर्चीबरोबर डिबेंचरधारकांची खास उपाहारगृहे आणि बारही खुले होतात.

चौथा रस्ता अधिकृत हॉस्पिटॅलिटीचा: तिकीट, जेवण, दुपारचा चहा, शॅम्पेन असे सगळे एकत्र. विकणाऱ्या कंपनीचे नाव क्लबच्या संकेतस्थळावरच्या अधिकृत यादीत आहे का, एवढे आधी तपासावे. या चार रस्त्यांपलीकडे कुणी ‘माझ्याकडे आहे एक तिकीट’ म्हणाला तर नमस्कार करून पुढे जावे. नियम मोडून विकलेले तिकीट रद्द होते आणि माणूस फाटकाबाहेर राहतो.

अंतिम सामन्याचा मोह

पैसे आहेत तर फायनलच बघू, असे पटकन वाटते. एकदाच जायचे असेल तर माझे मत वेगळे आहे. अंतिम सामन्याच्या दिवशी गर्दी एकाच लढतीवर डोळे लावून बसते आणि ती एकतर्फी झाली तर दीड-दोन तासांत खेळ आटोपतो. पहिल्या आठवड्यात अठरा कोर्टांवर सामने चालू असतात. बाहेरच्या कोर्टांवर अकरा वाजता सुरुवात होते, सेंटर कोर्टवर दीडला. म्हणजे सेंटर कोर्टचे तिकीट खिशात ठेवून सकाळचे अडीच तास बाहेरच्या कोर्टांवर घालवता येतात. तिथे पुढच्या रांगेत बसले की खेळाडू हातभर अंतरावर असतो: सर्व्हिसच्या वेळचा हुंकार, हिरवळीवर घसरणाऱ्या बुटांचा आवाज, चेंडू आखूड पडल्यावर स्वतःशीच केलेली चडफड, सगळे ऐकू येते.

हिरवळही पहिल्याच आठवड्यात बघावी. राय गवत आठ मिलिमीटरवर कापलेले असते. पहिल्या सोमवारी बेसलाइनसुद्धा गर्द हिरवी असते, पायाखाली ओलसर आणि निसरडी. खेळाडू पाय जपून टाकतात. चेंडू खाली राहतो, सरकत येतो. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बेसलाइनवरचे गवत झिजून तपकिरी माती उघडी पडते. नेटजवळचा भाग मात्र पुष्कळसा हिरवा राहतो, कारण आजचे खेळाडू पूर्वीसारखे सर्व्हिसमागोमाग नेटकडे धावत नाहीत. खेळ कसा बदलला हे ती झीजच सांगते.

पहिल्या फेरीला आपल्याकडचा एक धागाही आहे. पुण्यात जन्मलेल्या संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळत. त्यांची कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनची पहिली फेरी जिंकली. इथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. असे इतिहास बहुधा पहिल्याच आठवड्यात घडतात.

कोणता सामना कोणत्या कोर्टवर, हे आदल्या संध्याकाळी जाहीर होते. म्हणून लाडक्या खेळाडूसाठी दिवस निवडणे हा जुगारच. त्याला एक अपवाद आहे: गतवर्षीचा पुरुष विजेता प्रथेनुसार पहिल्या सोमवारी सेंटर कोर्टवर पहिला सामना खेळतो. पावसाची काळजी असेल तर छत बघून कोर्ट निवडावे. सेंटर कोर्टला २००९ पासून आणि नंबर वन कोर्टला २०१९ पासून सरकते छत आहे. बाकी कोर्टांवर पाऊस आला की ताडपत्री पसरते आणि खेळ थांबतो.

मुक्काम आणि पोशाख

क्लॅरिजेस किंवा सॅव्हॉयमध्ये उतरले तर संध्याकाळचे लंडन हाताशी राहते. स्पर्धेशीच मतलब असेल तर विम्बल्डन व्हिलेज बरे. तिथले रहिवासी त्या पंधरवड्यात आपली घरे भाड्याने देतात आणि अनेक खेळाडूही तशाच घरांत उतरतात. शहरातून येताना मोटारीचा हट्ट धरू नये. चर्च रोडच्या परिसरात त्या दिवसांत वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. डिस्ट्रिक्ट लाइनने साउथफील्ड्सला उतरून पंधराएक मिनिटे चालत जावे.

पांढऱ्या कपड्यांची सक्ती खेळाडूंना आहे, प्रेक्षकांना नाही. डिबेंचर लाउंजमध्ये मात्र फाटकी जीन्स आणि मळके बूट चालत नाहीत. रॉयल बॉक्समध्ये ७४ खुर्च्या आहेत आणि त्यांतली एकही विकत मिळत नाही. आमंत्रण यावे लागते. सचिन तेंडुलकर तिथे बसला आहे. २०१५ मध्ये लुईस हॅमिल्टनला आमंत्रण होते, पण कोट-टाय नसल्यामुळे फॉर्म्युला वनच्या जगज्जेत्याला बाहेरच राहावे लागले.

क्रम चुकवू नका

शरद ऋतूत सोडतीचा अर्ज. हिवाळा संपायच्या आत डिबेंचर किंवा हॉस्पिटॅलिटीचे तिकीट पक्के. मग हॉटेल, आणि विमान शेवटी. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीची झुंबड असते, म्हणून ती खिडकी उघडताच अर्ज टाकावा. परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास एजंट टीसीएस कापतो; तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकते हे खर्चाच्या हिशेबात धरावे.

आता खर्चाची वाटणी. अंतिम सामन्याला लागणाऱ्या पैशांत पहिल्या आठवड्यातली सेंटर कोर्टची दोन डिबेंचर तिकिटे सहज बसतात. ती घ्यावीत, मधला एक दिवस मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी सकाळी रांगेत उभे राहून नुसता मैदानाचा पास काढावा. घरचा डबा आणि माणशी वाइनची एक बाटली आत नेता येते. मोठ्या पडद्यासमोरच्या टेकडीवर बसून दशम्या खाल्ल्या तर कुणी हटकत नाही. स्ट्रॉबेरी आणि क्रीमचा वाडगा तर गेली कित्येक वर्षे अडीच पौंडांना मिळत होता. २०२५ मध्ये तो २.७० पौंडांचा झाला. डिबेंचरवाल्यालाही तो त्याच भावात आणि त्याच मापाचा.