पैठणीचा पदर आणि विणकराची पदरमोड

पैठणीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु केवळ मानांकनाने येवल्याच्या विणकराची चूल पेटत नाही. रेशीम व जर ज्याच्याकडून उधार आणावी, त्यालाच तो देईल त्या भावाने लुगडे विकणे पुष्कळांस भाग पडते. तशात यंत्रमागावरील नक्कल पैठणीच्याच नावाने खपते. आमच्या मते, विणकरांनी सहकारी संस्थेमार्फत रेशीम एकत्र खरेदी करावे, तरुणांस पक्क्या रंगाचे व नव्या नक्षीचे शिक्षण द्यावे आणि माल थेट शहरांत विकावा. ग्राहकांनीही पदर उलटून पाहावा: अस्सल हातमागाच्या पदरावर नक्षी दोन्ही बाजूंस सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. ही पारख घरोघर झाली नाही, तर विणकराचा मुलगा माग सोडील. मग ते मानांकन मिरवावे कोणी?