कॅलेचे दोन शिक्के

बोरीबंदर ते ठाणे जेवढं अंतर, जवळपास तेवढीच इंग्लिश खाडी तिच्या सगळ्यात अरुंद जागी रुंद आहे: ३३ किलोमीटर. हवा स्वच्छ असली की फ्रान्सच्या किनाऱ्यावरून डोव्हरचे पांढरे कडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तरी फ्रान्समधून इंग्लंडमधल्या घरी परतायला आम्हांला उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ लागला. त्यात खुद्द समुद्राचा वाटा दीड तासाचा होता. परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे येणाऱ्या आईवडिलांना उपयोगी पडेल म्हणून तो दिवस सांगते.

२०२५ चा ऑगस्ट होता. आम्ही रेडिंगला राहतो आणि सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. नवऱ्याचा आणि दोन्ही मुलांचा पासपोर्ट ब्रिटिश, माझा आणि आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, भारतीय. आईंच्या पासपोर्टात दोन व्हिसे होते, एक ब्रिटनचा आणि एक शेंगेनचा. फ्रान्स ज्यात आहे त्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटात ब्रिटन कधीच नव्हता. त्यामुळे ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही आणि शेंगेनच्या व्हिसावर इंग्लंडला येता येत नाही. हे अनेकांना लंडनला पोचल्यावर कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

फ्रान्स बघून परतताना सकाळी रॅन्स शहरातून निघालो. तिथून कॅले बंदरापर्यंत ए-२६ हा सरळसोट टोलरस्ता आहे. फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि टोलची खिडकी डाव्या हाताला असते. इंग्लंडच्या गाडीचं स्टिअरिंग मात्र उजवीकडे, म्हणजे टोलचं सगळं काम शेजारी बसलेल्या माणसाकडे येतं. त्या दिवशी पुढच्या सीटवर आई होत्या. यंत्रातून तिकीट ओढून घ्यायचं, ते जपून ठेवायचं, शेवटच्या नाक्यावर परत यंत्रात घालून कार्ड टेकवायचं, हे सगळं त्यांनी केलं. दांडा वर गेला तशा म्हणाल्या, “हे तर आपल्या किणी टोलनाक्यापेक्षा सोपं आहे गं.”

कॅले बंदराच्या अलीकडेच आम्ही गाडी बाजूला घेतली. एप्रिल २०२५ पासून ब्रिटननं युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणि गाय, मेंढी, बकरी, डुक्कर यांचं मांस आणायला मनाई केली आहे. युरोपात जनावरांमध्ये लाळ्या-खुरकूत पसरल्यामुळे ही बंदी आली. पाव, बिस्किटं, चॉकलेट चालतं. चीज चालत नाही. आईंनी तो नियम ऐकला आणि फर्मान काढलं, “टाकायचं काही नाही. इथंच संपवू.” मग पाव, कॉन्ते चीज आणि सांगलीहून आणलेलं भडंग असं आमचं दुपारचं जेवण झालं.

त्यानंतर सुरू झाली रांग. आधी फ्रान्सच्या पोलिसांची खिडकी. त्यांनी आईंच्या आणि माझ्या पासपोर्टवर शेंगेनमधून बाहेर पडल्याचा शिक्का मारला. त्यात एका कोपऱ्यात इवलंसं जहाज काढलेलं होतं, म्हणजे प्रवासी समुद्रमार्गे गेला. थोडंसं पुढे, अजून फ्रान्सच्याच जमिनीवर, ब्रिटनची खिडकी. तिथल्या अधिकारी बाईंनी आईंना कुठे राहता, परत कधी जाणार, एवढंच विचारलं. नवऱ्यानं भाषांतर करायच्या आतच आईंनी “सन्स हाउस, रेडिंग” असं उत्तर दिलं. ब्रिटनमध्ये प्रवेश दिल्याचा दुसरा शिक्का बसला आणि त्यावर गावाचं नाव होतं कॅले. दोन्ही शिक्के एकाच पानावर, एकाच तारखेचे. आईंनी चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे आपण इंग्लंडात आलो का?”

कायद्यानं पाहिलं तर आम्ही अजून फ्रान्समध्येच होतो, पण आत घ्यायचं की नाही हा ब्रिटनचा निर्णय होऊन गेला होता. दोन्ही देशांनी २००३ साली ल तुके इथं तसा करार केला. ब्रिटनचे अधिकारी कॅलेत तपासणी करतात आणि फ्रान्सचे अधिकारी डोव्हरला. पूर्वी चौकशी व्हायची ती पलीकडे उतरल्यावर.

या करारामुळे ज्याच्याकडे कागद नाहीत, तो अलीकडच्याच किनाऱ्यावर अडतो. बंदराभोवतीचं उंच कुंपण, त्यावरची काटेरी तार, ट्रक हुंगणारे कुत्रे हे सगळं त्याच्यासाठी आहे. कॅलेजवळ ‘जंगल’ नावाची निर्वासितांची वस्ती होती. ती २०१६ साली हटवली, पण माणसं यायची थांबली नाहीत. ती रबरी बोटींतून निघू लागली. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अशी एक बोट बुडून किमान २७ जण गेले. ज्या पाण्यावरून माझी मुलं आइस्क्रीम खात जातात, त्याच पाण्यात हे घडतं, आणि दोहोंमध्ये फरक असतो तो फक्त एका पुस्तिकेचा. हे मुलांना सांगायलाच हवं असं मला वाटतं, आणि त्या दिवशी मी ते सांगितलं.

जहाजात गाडी लावली की इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून सगळ्यांनी वर जायचं. प्रवासात गाडीपाशी कोणाला थांबू देत नाहीत, म्हणून आपला मजला आणि जिन्याचा दरवाजा लक्षात ठेवावा लागतो. ही खाडी जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक आहे. उत्तर समुद्राकडे जाणारी जहाजं फ्रान्सच्या बाजूनं आणि अटलांटिककडे जाणारी इंग्लंडच्या बाजूनं, अशा आखलेल्या वाटांनी चालतात, आणि आमची फेरी त्या दोन्ही वाटा आडवी ओलांडते. दोन्ही किनाऱ्यांवर खडूच्याच दगडाचे कडे आहेत, कारण एके काळी इथं सलग जमीन होती. १९९४ साली सुरू झालेला बोगदाही याच खडूच्या थरातून खणला आहे. गाडीसकट आगगाडीत चढून त्यातून पस्तीस मिनिटांत पार होता येतं, पण आईंना समुद्र बघायचा होता.

डोव्हरला उतरताना घड्याळं एक तास मागे घेतली. गाडी बोटीवरून थेट रस्त्याला लागली. पुन्हा पासपोर्ट कोणी मागितला नाही. “डावीकडून चालव रे,” एवढं आईंनी मुलाला बजावलं.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं आणली आहे. तीत पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. त्यामुळे हाताशी जास्तीचा वेळ ठेवा. आईवडील इंग्लंडला येणार असतील आणि फ्रान्सही बघायचं मनात असेल, तर शेंगेनचा व्हिसा ते भारतात असतानाच काढून घ्या. साधारणपणे तो राहत्या देशातूनच मिळतो. तारखा जुळवताना परतीचा दिवसही व्हिसाच्या मुदतीत बसतो आहे ना, ते दोनदा तपासा.