लंडनचे घड्याळ, वर्षातून दोनदा

ज्या कुटुंबातील कोणी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंग्लंडमध्ये वास्तव्यास आहे, त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. उन्हाळ्यात भारत व ब्रिटन यांच्या वेळेत साडेचार तासांचे अंतर असते. हिवाळ्यात ते साडेपाच तासांचे होते. भारतीय प्रमाणवेळ वर्षभर स्थिर असते, बदलते ते तिकडचे घड्याळ. मार्चच्या अखेरच्या रविवारी रात्री एक वाजता ते एकदम दोनवर नेले जाते आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी रात्री दोन वाजता पुन्हा एकवर आणले जाते. ऑक्टोबरच्या त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. अशा वेळी जुळी मुले जन्मास आली, तर कागदोपत्री धाकटे भावंड थोरले ठरावे!

या खटाटोपाचे मूळ भूगोलात आहे. मुंबईतील सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांपर्यंत वाढतो आणि डिसेंबरचा आठ तासही भरत नाही. ग्रीनिच वेळ कायम ठेवली, तर जूनमध्ये तेथे पहाटे पावणेचारच्या सुमारास सूर्योदय होईल.

हा उजेड वाया जातो, हे विल्यम विलेट या बांधकाम व्यावसायिकाच्या मनाला लागले. त्यांनी १९०७ मध्ये पुस्तिका काढून सुचविले की, एप्रिलच्या चार रविवारी घड्याळ वीस-वीस मिनिटांनी पुढे न्यावे. पार्लमेंटने ते मानले नाही. १९१५ मध्ये विलेट निवर्तले. पुढल्याच वर्षी, महायुद्धात कोळशाची बचत व्हावी म्हणून, प्रथम जर्मनीने ३० एप्रिलला व पाठोपाठ ब्रिटनने २१ मे रोजी घड्याळे तासभर पुढे केली. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटनची उन्हाळी वेळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे होती. भारतातही १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत प्रमाणवेळ एक तास पुढे ठेवण्यात आली होती.

मग उन्हाळी वेळच बारमाही का ठेवू नये? ब्रिटनने हेही करून पाहिले. फेब्रुवारी १९६८ मध्ये पुढे केलेली घड्याळे ३१ ऑक्टोबर १९७१ पर्यंत मागे घेतलीच नाहीत. सायंकाळी कार्यालयातून परतणारा लंडनकर सुखावला. परंतु घड्याळ पुढे केल्याने प्रकाश वाढत नाही. सायंकाळी मिळालेला तास सकाळकडून घेतलेला असतो. उत्तरेकडील स्कॉटलंडला ही उसनवारी महागात पडली. ग्लासगो येथे डिसेंबरात पावणेदहाच्या सुमारास सूर्य उगवू लागला. दूधवाले, टपालवाले, शेतकरी, बांधकामावरील मजूर यांची निम्मी सकाळ काळोखात जाऊ लागली. शाळकरी मुलांच्या दंडावर वाहनचालकांना दिसाव्यात म्हणून चकाकणाऱ्या पट्ट्या बांधाव्या लागल्या.

आकडे मात्र निराळेच सांगत होते. सकाळचे अपघात वाढले, पण सायंकाळचे त्याहून अधिक घटले. त्यातही एक मेख होती. मद्यपी चालकांच्या श्वासाची तपासणी १९६७ मध्येच सुरू झाली होती. त्यामुळे घटीचे श्रेय नेमके कोणाला द्यायचे, यावर वाद माजला. शिवाय टळलेला अपघात कोणालाच दिसत नाही; अंधारात शाळेच्या वाटेवर झालेला अपघात मात्र साऱ्या गावाला दिसतो. डिसेंबर १९७० मध्ये पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी हा प्रयोग गुंडाळला. त्यानंतरही तसे प्रस्ताव अधूनमधून आले आणि प्रत्येक वेळी स्कॉटलंडची सकाळ आडवी आली.

आपल्या व्यवहारांनाही हा फरक स्पर्श करतो. लंडनच्या बाजारात सोन्याचा दर कामकाजाच्या दिवशी तेथील सकाळी साडेदहा व दुपारी तीन वाजता ठरतो. भारतीय वेळेनुसार या घटिका उन्हाळ्यात दुपारी तीन व सायंकाळी साडेसातच्या असतात. हिवाळ्यात त्या चार व साडेआठवर जातात. लंडनमधील एखाद्या कार्यालयाशी त्याच दिवशी संपर्क साधावयाचा असल्यास, तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड, तर हिवाळ्यात अडीच वाजलेला असतो, एवढे ध्यानी असू द्यावे.