आधी घाट बघा, मग इंजिन घ्या

रविवारी दुकान बंद ठेवलं आणि कामावरच्या दोन्ही पोरांना घेऊन गोवंडीहून हार्बर लोकल पकडली, थेट सीएसएमटी. देशातली पहिली इलेक्ट्रिक ट्रेन ३ फेब्रुवारी १९२५ ला सीएसएमटी ते कुर्ला अशी याच हार्बरवरून धावली, हे गाडीतच सांगितलं. पोरं खूश!

स्टेशनात १८ नंबर प्लॅटफॉर्मजवळ हेरिटेज गल्ली आहे. तिथं 'सर लेस्ली विल्सन' उभं आहे, १९२८ चं इलेक्ट्रिक इंजिन. रेल्वेवाले या जातीला 'खेकडा' म्हणायचे. काम एकच, घाटातून मालगाड्या ओढणं. घाटात वळणं फार, म्हणून बॉडीच तीन भागांत, वळणावर वळणारी. दिसायला बोजड, पण कामाला फिट.

तिथं उभं राहून मला माझी चूक दिसली. मागच्या वर्षी कर्ज काढून मी मोठी प्रिंटिंग मशीन घेतली. दिसायला भारी, पण माझी गिऱ्हाइकं दहा-वीस कॉप्यांची. मशीन आठवड्यातून दोनदा चालते, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. जी जुनी भंगारात काढणार होतो, तीच आज दुकान चालवतेय.

म्हणून मशीन घेण्याआधी वहीत तीन उत्तरं लिहा:

१. रोज काम किती येतं?
२. त्यातलं जुन्या मशीनमुळे किती अडतं?
३. त्या अडलेल्या कामाच्या नफ्यातून हप्ता निघतो का?

तिसरं उत्तर 'नाही' असेल, तर थांबा. शोरूम कुठं पळून जात नाही.