रॉबिन हूड, १९३८ : भडक म्हणा, पण बघाच!

एरॉल फ्लिनच्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'चा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, काय त्या हिरव्या तंग तुमानी, कमरेवर हात ठेवून ते गडगडाटी हसणं, सगळंच नाटकी! दुसऱ्याला नेमकं तेच हवं असतं. मी दुसऱ्या तटात. रंग भडक आहेत, कबूल. पण तीन फिल्मपट्ट्यांवर रंग टिपणारं टेक्निकलर तेव्हा नवंनवं होतं आणि वॉर्नर ब्रदर्सने पैसा पाण्यासारखा ओतला होता. शेरवुडचं जंगल मात्र कॅलिफोर्नियातल्या चिको गावचं!

शेवटची तलवारबाजी नीट बघा. लढता लढता रॉबिन आणि खलनायक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जातात आणि खांबावर नुसत्या त्यांच्या अजस्र सावल्या झुंजत राहतात. गंमत म्हणजे पडद्यावर हरणारा बॅसिल रॅथबोन प्रत्यक्षात फ्लिनपेक्षा सरस तलवारबाज होता. बाण सोडायला हॉवर्ड हिल हा अस्सल तिरंदाज. ते झेलणारे स्टंटमन कपड्यांखाली जाड पॅडिंग घालून उभे. कॉर्नगोल्डच्या संगीताला ऑस्कर मिळालं, ते योग्यच. रॉबिन आणि मेरियनचं प्रेमप्रकरण जरा रेंगाळतं, ही तक्रार मात्र मलाही पटते.