सुरमईचं डोकं

समुद्रापासून लांबच्या घोडेगावात बैलाचे दात पाहून वय सांगणारे आणि कांद्याला नुसता हात लावून प्रत ओळखणारे पुष्कळ भेटतील. सुरमईशी मात्र ओळख तळलेल्या तुकडीपुरती. रवा लावलेली, मधोमध एकच काटा, मुलांनाही बिनघोर द्यावी अशी. अडचण एवढीच, की ताटात डोकं येत नाही आणि या माशाचा सगळा स्वभाव डोक्यात आहे.

जबडा उघडला की त्रिकोणी, चपट्या, धारदार दातांची रांग दिसते. ते चघळायला नाहीत, कापायला आहेत. तारली, मांदेली, बांगडा यांच्या थव्यात सुरमई मुसंडी मारते, माकूलही सोडत नाही. शिकार लहान असली तर सबंध गिळायची, मोठी असली तर आधी शेपटीकडून तोडायची. गरीवरच्या आमिषाचा मागचा अर्धा भागच गायब झाला, तर मच्छीमार काय ते समजतो. साधं तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, ती सहज कापते, म्हणून गरीच्या वर तारेचा तुकडा जोडतात.

गंमत म्हणजे बांगडा तिच्याच कुळातला. दोघांचे कल्ले उघडून शेजारी ठेवा. बांगड्याच्या कल्ल्यात लांब, दाट दाते असतात. पाण्यातलं प्लवक गाळून घ्यायची ती चाळणीच. सुरमईला असे दाते मोजकेच, कारण तिला गाळायचं काही नसतं. गाळणाऱ्याला ती खाते. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही!

हा उद्योग ती मोठी झाल्यावर शिकते असंही नाही. बहुतेक माशांची पिल्लं सुरुवातीला सूक्ष्म जीवांवर वाढतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफजवळ सुरमईच्या वंशातली पिल्लं तपासली, तेव्हा त्यांच्या पोटात प्रामुख्याने इतर माशांची पिल्लं सापडली. अशा खुराकावर सुरमई २ मीटरच्या पुढे जाते आणि ७० किलोपर्यंत भरू शकतो.

अनेक माशांना तरंगत ठेवणारी हवेची पिशवी सुरमईच्या पोटात नसते. त्यामुळे शिकारीमागे झपकन वर-खाली जाता येतं, पण पोहणं थांबवलं तर ती बुडते. कल्ल्यांवरून पाणी वाहतं राहायलाही पोहावंच लागतं. एवढी धावपळ म्हणजे भूकही तशीच.

आता पुन्हा ताटाकडे. सुरमई-बांगड्याच्या कुळातल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर बर्फात हयगय झाली, की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग तळा नाहीतर उकळा, ते जात नाही. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं, आणि आपण म्हणतो, मासा मानवला नाही. समुद्र दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या गावात म्हणून भावाआधी बर्फाची चौकशी करावी. नुसत्या वासावर विसंबू नये. असा मासा दिसायला आणि वासाला चांगलाही असू शकतो. पहिल्या घासाला मिरीसारखी चुणचुण लागली, तर तुकडी कितीही महाग असली तरी बाजूला सारावी.