मुलगा अभ्यास करत नाही, आणि झोप शिक्षकाची उडते

उत्तरायण संपलं, गच्चीवरचा मांजा गुंडाळून झाला, की दहावीच्या वर्गात प्रिलिमचे तपासलेले पेपर वाटले जातात. यंदा गणिताचा एक पेपर माझ्या हातात बराच वेळ राहिला. पहिल्या पानावर नाव आणि नंबर. पुढे प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक सुवाच्य अक्षरात, समास आखून लिहिलेला. क्रमांकाखाली काहीच नाही. तीन तास हा मुलगा शांतपणे क्रमांक लिहीत बसला होता.

मी चिडले. आधीच्या पंधरा दिवसांत तोच धडा तीन वेळा शिकवून झाला होता, घसा बसला होता. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुला मिलमध्येच जायचंय ना?"

तो म्हणाला, "हो, बेन."

उद्धटपणा नव्हता त्यात. मी प्रश्न विचारला, त्यानं खरं उत्तर दिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कडोदरा ज्यांनी फक्त गाडीच्या काचेतून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबई-अहमदाबाद हायवे आणि सुरतहून बारडोली, धुळ्याकडे जाणारा रस्ता आमच्या चार रस्त्यावर एकमेकांना छेदतात. आजूबाजूला कापडाच्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिला. शेजारीच चलथाण स्टेशन, सुरत-भुसावळ लाइनवरचं. नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची कितीतरी कुटुंबं याच लाइनीनं सुरतेत आली. तुमच्यापैकी अनेकांचे आजोबाही तसेच आले असतील. आता तुमची घरं झाली, नोकऱ्या लागल्या, मुलं इंग्रजी शाळेत जातात. पण ती गाडी अजून येतेच आहे, आणि तिच्यातून उतरणाऱ्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात.

या मुलांच्या घरी बाप बारा तासांच्या पाळीत. आई घरी साड्यांना लेस लावते, खडे चिकटवते, नगावर पैसे. शाळेतून आल्यावर मुलांचेही हात त्यात लागतात. गल्लीतला दोन वर्षं मोठा मुलगा दहावी नापास होऊन मिलमध्ये लागलेला असतो. त्याच्याकडे मोबाइल आहे, गाडीचा हप्ता तो स्वतः भरतो. शेजारचा दुसरा दहावी पास होऊन त्याच मिलमध्ये, त्याच पगारावर. आता सांगा, पंधरा वर्षांच्या मुलानं यातून काय हिशेब काढायचा? आपण त्याला आळशी म्हणतो. हिशेब मात्र त्याचा चुकलेला नसतो, अपुरा असतो. मिलमध्ये जोपर्यंत शरीर धडधाकट आहे तोपर्यंत ठीक, चाळिशीनंतर काय, हे त्याला दिसत नाही, कारण चाळिशीनंतरची माणसं गावी परत गेलेली असतात.

दुसरं कारण जुनं आहे. शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली आला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. 2019 च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा दिली. मी नापास न करण्याच्या विरोधात नाही, नापासाच्या भीतीनं मुली शाळा सोडायच्या हे मी पाहिलंय. पण पुढे ढकललेल्या मुलाचं मागे राहिलेलं भरून कोण काढणार, हे कुणीच ठरवलं नाही. घरी अहिराणी, शाळेत गुजराती किंवा हिंदी, आणि अपूर्णांक पाचवीतच सुटलेले. असा मुलगा दहावीत बहुपदीसमोर बसतो. मार्टिन सेलिगमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं होतं, की काहीही केलं तरी फरक पडत नाही असा अनुभव वारंवार आला, की पुढे सुटण्याची वाट समोर असूनही प्रयत्न थांबतो. प्रयोग कुत्र्यांवर होते, पण वर्गातला शेवटचा बाक पाहिला की मला तेच आठवतं. कोऱ्या पेपरात एक सोय असते. लिहिलंच नाही, म्हणजे चुकलंही नाही.

आता शिक्षकाचं. गुजरात बोर्डाचा दहावीचा निकाल 2023 मध्ये 64.62 टक्के होता, 2024 मध्ये 82.56. सुरत जिल्हा 2023 ला 76.45 टक्क्यांनी राज्यात पहिला आला, पेढे वाटले गेले. चांगलंच आहे. पण निकाल जितका वाढतो तितकी उरलेल्यांची जबाबदारी वर्गशिक्षकाच्या नावावर चिकटते. मीटिंगमध्ये विचारतात, "तुमच्या वर्गाचे किती जाणार?" वर मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं हे आहेच.

क्रिस्टिना मास्लाक यांनी कामाच्या थकव्यावर आयुष्यभर संशोधन केलं. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा अशा: मन रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होतच नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी खूण आपली आपल्याला कळते. मधली कळत नाही, ती मुलांना आधी कळते. "मिलमध्येच जायचंय ना" हे वाक्य माझ्या तोंडून त्या मधल्या खुणेनं काढलं होतं.

त्या आठवड्यात मी गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' पुन्हा काढलं. गुजरातमध्ये राहणाऱ्या मराठी घरात हे पुस्तक असायलाच हवं, कारण गिजुभाईंच्या भावनगरच्या बालमंदिरात 1923 पासून आपल्या ताराबाई मोडक होत्या आणि तेच काम त्यांनी पुढे बोर्डी-कोसबाडला नेलं. पुस्तकातला शिक्षक चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. रात्र जागून तयारी करतो आणि पहिल्याच दिवशी तोंडघशी पडतो. तो शांततेचा खेळ घ्यायला जातो, मुलं वर्ग डोक्यावर घेतात, शेवटी त्यांना सुट्टी देऊन टाकतो आणि मुख्याध्यापकांची बोलणी खातो. घरी येऊन तो मुलांना दोष देत नाही. आपली योजना कुठे चुकली ते बघतो, आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लागतो. अर्थात त्याच्या हातात पूर्ण वर्ष होतं आणि बोर्ड नव्हतं. माझ्या हातात सहा आठवडे होते.

शिक्षकदिनाला आम्हाला हटकून साने गुरुजींचं उदाहरण दिलं जातं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते 1924 ते 1930 शिकवत होते, वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे. माझ्या सासूबाई त्याच भागातल्या, त्यांच्या बोलण्यात गुरुजी अजून येतात. पण गुरुजींना डोळ्यांसमोर ठेवून आम्ही चाळीस मुलांचं ओझं घरी नेतो, पोरांवर आणि नवऱ्यावर खेकसतो, आणि मग आपण गुरुजी नाही म्हणून आणखी खचतो. गुरुजींना हे आवडलं असतं असं मला वाटत नाही.

म्हणून स्टाफरूममध्ये आम्ही तिघींनी मिळून काम कमी केलं. हो, कमी. आधी मुलं वाटून घेतली, प्रत्येकीला चारच. चाळिसांची काळजी ही काळजी नसते, घबराट असते. चार मुलांच्या घरी फोन जातो, आणि तोही तक्रारीचा नाही. बापाची पाळी सुटल्यावर, "आज त्यानं दोन गणितं सोडवली" एवढंच सांगायला. एका वडिलांनी पहिल्यांदा विचारलं, "काय केलं त्यानं?" शाळेचा फोन म्हणजे भांडण, हीच सवय.

मग अभ्यासक्रम छाटला. पास व्हायला 33 लागतात. सांख्यिकी, संभाव्यता, समांतर श्रेढी आणि निर्देशांक भूमिती एवढंच धरलं. हुशार मुलांच्या पालकांना हे कमी वाटेल, पण बुडणाऱ्याला आधी किनारा दाखवायचा असतो, पोहण्याची शर्यत नंतर. रोज पहिली दहा मिनिटं वही बंद करून पाच छोटे प्रश्न, गुण नाहीत, उत्तरं मुलांनीच तपासायची. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये दाखवलं होतं, की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं. आमच्या मुलांना त्यातून दुसरंच मिळालं. रोज एखादा प्रश्न बरोबर यायला लागला.

आणि रात्री दहानंतर पेपर तपासणं बंद. हे सगळ्यात कठीण गेलं. आमच्यातली एक जण छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आली, हृदय ठीक निघालं. तिनं टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन केला. मोफत आहे, आणि तो फक्त मुलांसाठी नाही.

आता मंडळातल्या तरुणांना एक विनंती. आपल्याकडे गुणगौरव समारंभ होतात, 85 टक्क्यांच्या मुलांना ट्रॉफी मिळते, फोटो येतो. मिळू दे. पण माझ्या वर्गातल्या मुलानं 45 टक्के मिळवून आयटीआय केलेला, आज मशीन दुरुस्त करून घर चालवणारा आपल्या भाषेतला माणूस समोर बसून बोलताना कधी पाहिलेला नाही. तुमच्यात असे आहेत. भाषण नको, एक शनिवार द्या. पहिला पगार किती होता, किती वेळा नापास झालात, पुरवणी परीक्षा कशी दिली, हे सांगा. त्याच्या हिशेबातला सुटलेला आकडा मी फळ्यावर लिहून उपयोग नाही, तो तुमच्या तोंडून यायला हवा.

त्या मुलाची मी दुसऱ्याच दिवशी वर्गाबाहेर माफी मागितली. तो चपलेकडे बघत उभा राहिला, काही बोलला नाही. तो माझ्या चारांत आहे. मध्यक काढतो, वर्गांतराची खालची मर्यादा अजून चुकवतो. गेल्या गुरुवारी आला नाही. साड्यांचा गठ्ठा संध्याकाळपर्यंत पोचवायचा होता, असं बहिणीनं सांगितलं. शुक्रवारी आला, आणि बाकावर बसायच्या आधी टेबलापाशी येऊन म्हणाला, "बेन, कालचे पाच प्रश्न द्या ना."